मदत हवी आहे: आईचं अंग बाहेर येतंय, ऑपरेशन न करता रिंग बसवलेली चालते का?

प्रश्न आईसाठी आहे. वय ६४, गाव मालवण तालुक्यात. संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, खोकल्याबरोबर लघवीही होते. लावणीपासून अंगावर काढलं आणि सांगितलं तेही वहिनीला. आम्हाला नुसतं "माका काय झालेला नाय".

डॉक्टरांनी तपासून दुसरी स्टेज म्हटलं आणि पिशवी काढायला सांगितली. रिंग पेसरीचा (पिशवीला आधार द्यायला योनीत बसवतात ती रिंग) विषय मीच काढला, तर "बघू" म्हणाले. आईला शुगर आहे, ऑपरेशन तिला नकोच आहे. रिंग घरी काढून धुता येते का? ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सिंधुदुर्गात कुणाला माहीत आहे का? गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायचीही तयारी आहे. (चवथीच्या आधी मात्र ती घर सोडणार नाही, ते सांगायला नकोच.)

प्रतिसाद:
माझ्या सासूबाई रिंग वापरतात. सिलिकॉनची असते, माप तपासूनच ठरतं आणि कधीकधी दुसऱ्या मापाची लावून बघावी लागते. बसवल्यावर दवाखान्यातच चालून, खोकून, उकिडवं बसून आणि लघवी करून बघायला लावतात. ते न करता घरी येऊ नका. शिकवलं तर आई स्वतः काढून साध्या साबणाने धुवू शकतील. जमत नसेल तर ३ ते ६ महिन्यांनी दाखवायला जायचं. पाळी गेलेल्या बायकांना आतली त्वचा कोरडी पडून जखम होऊ शकते, म्हणून डॉक्टर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, ते विचारा. रक्त गेलं, घाण वास आला किंवा लघवी अडली तर तारखेची वाट बघत बसू नका.

व्यायामाचं म्हणाल तर बऱ्याच बायका आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलटंच होतं. एकदा कुणीतरी आतून तपासून खात्री करून घ्या. मग ८ वेळा आवळून सोडायचं, दिवसातून तीनदा, निदान ३-४ महिने. पूर्ण उतरलेलं अंग याने वर जात नाही, पण दुसऱ्या स्टेजला फरक पडू शकतो. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, लघवी बरीच आवरते.

आणि कुंथणं, विहिरीवरून हंडे आणणं बंद. यावर घरात भांडण होईल, होऊ द्या.