बून यांची शरणागती : फितुरी की निरुपाय?

१७७८च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सरहद्दीवरचे प्रसिद्ध शिकारी व वसाहतकार डॅनियल बून यांनी केंटकीतील ब्लू लिक्स या खाऱ्या झऱ्यांच्या ठिकाणी आपल्या सोबत्यांसह शॉनी या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांपुढे शस्त्रे ठेवली ती निव्वळ फितुरी होती, हे काहींचे मत मला पटत नाही. ती माणसे लढाईसाठी नव्हे, तर मीठ करण्यासाठी तेथे गेली होती. थोड्याशा मिठासाठी झऱ्याचे शेकडो गॅलन खारे पाणी मोठमोठ्या कढयांत आटवावे लागे आणि मिठाशिवाय मांस टिकत नसे. इकडे बून यांच्या वसाहतीच्या, म्हणजे बून्सबरोच्या, कोटाची तटबंदी अपुरी होती आणि शॉनी त्याच्यावरच चालून निघाले होते, म्हणून बून यांनी कोट वसंतात ताब्यात देण्याचे आमिष दाखवून तो हल्ला लांबवला, असे मला वाटते.

आणखी एक बाब येथे यायला हवी. शॉनी प्रमुख ब्लॅकफिश यांनी बून यांना मुलगा मानून ठेवून घेतले होते. तेथून जूनमध्ये निसटून ते सुमारे १६० मैल तुडवत बून्सबरोला पोहोचले आणि सप्टेंबरमध्ये शॉनींनी तेथे घातलेला वेढा त्यांनी इतरांसह परतवला. तरीही रिचर्ड कॅलवे आणि बेंजामिन लोगन या केंटकीतल्याच वसाहतकारांनी त्यांच्यावर आरोप ठेवले. लष्करी न्यायालयाने मात्र त्यांना निर्दोष ठरवले आणि मेजरपदी बढतीही दिली.