कॅरी ऑन, कीप ऑन, गो ऑन... कुठे काय वापरायचं?

गोरेगावकर_मुलगी:
अंधेरीला ऑफिस आहे, क्लायंट लंडनचा. त्याच्या मेलमध्ये सारखं 'प्लीज कॅरी ऑन विथ द टेस्टिंग' असतं. मी मराठी मिडियमची, वाचताना कळतं की काम चालू ठेवा म्हणतोय, पण स्वतः लिहायला बसलं की कॅरी ऑन लिहू, कीप ऑन का गो ऑन, तिथेच अडते. पुढे टू लावायचा का आयएनजी? लवकरच त्यांच्याशी कॉलवर बोलायचंय, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

दादरच्या_बाई:
अगं, कॅरी ऑन म्हणजे जे चाललंय ते तसंच पुढे चालू ठेव, बऱ्याचदा मध्ये काहीतरी खंड पडल्यावर. लोकल बंद पडली आणि लोक रुळांवरून चालत राहिले तर 'दे कॅरीड ऑन वॉकिंग'. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी, नाम आलं तर विथ, म्हणजे 'कॅरी ऑन विथ द वर्क'. 'कॅरी ऑन टू वर्क' लिहू नकोस, चालू ठेवणे या अर्थाने ते चुकीचंच.
गो ऑनला मात्र दोन्ही चालतं आणि अर्थ पार बदलतो, हे मुलांना शिकवताना मी नेहमी सचिनवरून सांगते. १९८९ ला पहिली टेस्ट खेळला आणि 'ही वेंट ऑन प्लेइंग टिल २०१३', म्हणजे खेळतच राहिला. पण शारदाश्रमात शिकला आणि 'वेंट ऑन टू कॅप्टन इंडिया', म्हणजे पुढे जाऊन कॅप्टन झाला, वेगळीच पुढची पायरी.

बोरिवली_स्लो:
कीप ऑनमध्ये 'सारखं सारखं' येतं, आणि बरेचदा वैतागही. 'ही कीप्स ऑन कॉलिंग मी' म्हणजे फोनवर फोन करतोय, डोकं उठवलंय. क्लायंटबद्दल लिहिताना जपून, 'यू कीप ऑन चेंजिंग द डिझाइन' लिहिलंस तर त्याला ती तक्रारच वाटणार.

परळ_चाळ:
'कीप काम (calm, म्हणजे शांत) अँड कॅरी ऑन' पाहिलं असेल ना मगवर टीशर्टवर, ते मुळात १९३९ चं ब्रिटिश सरकारचं पोस्टर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले तरी लोकांनी धीर धरून आपापली कामं करत राहावं म्हणून छापलेलं. तेव्हा ते फारसं लावलंच नाही, २००० मध्ये उत्तर इंग्लंडच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रत सापडली आणि मग जगभर झालं. अजून एक, ब्रिटिश लोक बोलताना कॅरी ऑन 'उगाच कटकट, तमाशा करणे' यालाही म्हणतात, तेव्हा 'स्टॉप कॅरिंग ऑन' ऐकलंस तर गोंधळू नकोस.

गोरेगावकर_मुलगी:
खूप थँक्यू सगळ्यांना! मग 'वी विल कॅरी आउट द टेस्टिंग' पण तेच ना?

दादरच्या_बाई:
नाही गं, कॅरी आउट म्हणजे काम पार पाडणे. टेस्टिंग सुरूच झालं नसेल तर कॅरी आउट, अर्धं झालंय आणि पुढे करायचंय तर कॅरी ऑन.