म्हणे वुहानमध्ये बघायला काही नाही! (आणि सिस्टर सिटीच्या नावाने चाललेलं रडगाणं)

नदीकाठचा
परवा 'स्पष्टवक्ता' यांनी त्यांच्या चीन सहलीच्या लेखात वुहान दोन ओळींत निकालात काढलं. त्यांचंच वाक्य देतो : "वुहानला थांबू नका. एक सिमेंटचा मनोरा, दोन नद्या, उरलेले सगळे उड्डाणपूल. वर डझनावारी सिस्टर सिटी असल्याची फुशारकी, म्हणजे नगरसेवकांच्या फुकट सहली." (सिस्टर सिटी म्हणजे मैत्रीचा करार करून जोडलेली परदेशी शहरं.) तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यामुळे माझं त्या शहरात बऱ्यापैकी राहणं झालंय. पहिली गोष्ट म्हणजे ते मुळात एक शहरच नव्हे. वुचांग, हांकौ आणि हानयांग ही तीन गावं, मधून यांगत्से आणि तिला मिळणारी हान नदी. तिन्हींचे स्वभाव वेगळे. वुचांगमध्ये १० ऑक्टोबर १९११ ला उठाव झाला आणि चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्याची गादी गेली. हांकौच्या नदीकाठाला ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा पाच जणांनी आपापल्या वसाहती थाटल्या होत्या. तिथलं १९२४ चं कस्टम हाउस, त्याचं घड्याळ आणि मागच्या गल्ल्या बघायला एक अख्खी दुपार पुरत नाही. आपल्या मुंबईच्या ससूनची पेढीसुद्धा हांकौला होती. कस्टम हाउससमोरच्या धक्क्यावरून दीड-दोन युआनमध्ये वुचांगला बोट जाते. कामावरून परतणारे लोक स्कूटरसकट आत शिरतात. पर्यटकांच्या रोषणाईवाल्या बोटीपेक्षा ही शंभरपट बरी.

१९५७ चा पूल बघा. वरून मोटारी, खालून रेल्वे. त्याआधी बीजिंगहून आलेले रेल्वेचे डबे फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायचे! आणि हूबेइ प्रांताचं संग्रहालय, तिथल्या त्या ६५ काशाच्या घंटा. १९७८ साली त्संग राज्याच्या यी नावाच्या सरदाराच्या थडग्यात मिळाल्या, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. एकच घंटा मध्यावर ठोकली की एक स्वर, कडेला ठोकली की दुसरा. हे ज्याला 'काही नाही' वाटतं त्याने सहलीला जावंच कशाला?

सिस्टर सिटीचंही तेच. यादी वाचा तरी. १९७९ ला जपानचं ओइता, १९८२ ला अमेरिकेतलं पिट्सबर्ग आणि जर्मनीतलं डुइसबुर्ग. तिन्ही पोलादाची गावं, आणि वुहानचा पोलाद कारखाना १९५८ पासूनचा. ही काही फक्त हार-तुऱ्यांची मैत्री नव्हे. मँचेस्टर, बोर्दो नंतर आले.

स्पष्टवक्ता
धंदा तिथे असला की गाव गोड लागणारच, त्याबद्दल अभिनंदन. मी पदरच्या पैशाने गेलो होतो.

तुम्ही पोलाद सांगितलंत, मी नानजिंग सांगतो. यांगत्सेवरचंच, तसंच मोठं शहर. जपानच्या नागोयाशी त्यांचं १९७८ पासूनचं भगिनीपण. फेब्रुवारी २०१२ मध्ये नागोयाचे महापौर म्हणाले की जपानी सैन्याने केलेला १९३७ चा नानजिंगचा नरसंहार झालाच नसावा. नानजिंगने त्याच आठवड्यात व्यवहार थांबवले. तीस-पस्तीस वर्षांचं नातं एका माणसाच्या जिभेवर टांगलेलं! मुंबई-शांघाय करार २०१४ चा. त्याने लोकलमधला एक धक्का कमी झाला का? आणि तुमच्याच वुहानला एप्रिल २०१८ मध्ये मोदी आणि शी पूर्व तलावात नावेतून फिरले, ह्याच संग्रहालयात गेले. जून २०२० मध्ये गलवान. घंटा वाजल्या खऱ्या!

राहिला पिवळ्या क्रौंचाचा मनोरा, म्हणजे मी म्हटलेला तो सिमेंटचा. १९८५ चं काँक्रीट, आत लिफ्ट. मूळ जागेवरही नाही, कारण ती तुमच्या लाडक्या पुलाने खाल्ली. तिकीट काढून नकली वस्तू बघायची हौस मला नाही.

सोलापुरी_चादर
वुहानवर एवढं दळण दळलंत आणि दोघांनाही कोटणीस आठवू नयेत?

१९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसचं वैद्यकीय पथक ग्वांगचौला उतरलं आणि तिथून पुढे हांकौला गेलं. पाच डॉक्टर. त्यांत आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. हांकौ तेव्हा जखमी सैनिकांनी भरलेलं, वर जपानी विमानं. ऑक्टोबर संपता संपता शहर पडलं. त्याआधी हे लोक नदीने वर यिचांग, मग चुंगचिंगला सरकले. येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, पोचेपर्यंत १९३९ उजाडलं. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले, वय बत्तीस. चीनचे मोठे नेते भारतात आले की त्यांच्या घरच्यांना भेटत आलेत. आमच्या शाळेत मात्र एकाही गुरुजींनी हे नाव घेतलं नाही, मला ते कळलं नोकरी लागल्यावर. तुमच्या करारांच्या कागदांपेक्षा मोठं नातं होतं हे, आणि त्याला कुणा महापौराची सही लागली नव्हती.

स्पष्टवक्ता
माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार. सहीशिवाय नातं होतं, म्हणजे सहीची गरज नाही.

सोलापुरी_चादर
तुमचा मुद्दा कुठून आला ह्यात! तुम्ही त्यात गलवान घुसडलं होतं.

चुनाविटा
जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून 'नकली' ह्या एका शब्दासाठी लॉगिन केलं.

तो मनोरा पहिल्यांदा बांधला इ.स. २२३ मध्ये, टेहळणीसाठी. त्यानंतर कितीदा जळला, पडला, पुन्हा उभा राहिला. प्रत्येक राजवटीत त्याचं रूप बदललं. थांग काळातल्या कवींनी बघितलेला वेगळा, छिंग काळातला तीन मजली वेगळा. तो १८८४ ला जळाला आणि त्याचा फक्त तांब्याचा कळस उरला, तो आज तिथेच ठेवलेला आहे. मग शंभर वर्षं काहीच नाही. १९८५ चा पाच मजली आहे. मला विचाराल तर प्रमाणात जरा बोजड, पण त्या परंपरेतला पुढचा मनोरा आहे. ह्यातला 'अस्सल' कुठला ते सांगा. लाकडाची वास्तू नदीकाठी हजार वर्षं टिकत नाही. तिथे टिकते ती जागा, नाव आणि वरून दिसणारी नदी.

स्पष्टवक्ता
जागा टिकते म्हणताय, आणि जागाच हलवलीय. सुमारे एक किलोमीटर. छान.

गडवेडा_कोकण्या
चुनाविटासाहेब, हे तत्त्वज्ञान इथल्या ठेकेदारांना सांगू नका. आमच्या तालुक्यातल्या एका गडाच्या दरवाज्याला 'संवर्धन' म्हणून सिमेंट फासलं. पहिल्या पावसाळ्यात आतला चुना भुसभुशीत झाला आणि दोन चिरे निखळले. विचारायला गेलो तर उत्तर, "मजबूत केलंय की!" चीनने काँक्रीट वापरलं म्हणून ते संस्कृती, आम्ही वापरलं तर पाप?

चुनाविटा
दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उभ्या असलेल्या जुन्या दगडावर सिमेंट थापणं हा गुन्हाच. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती आत कोंडते आणि चुना मरतो. वुहानला फासायला जुनं काही शिल्लकच नव्हतं. रिकाम्या टेकडीवर नवं बांधलं, आणि नवं आहे हे लपवलंही नाही. लिफ्ट लपवून ठेवलीय का कुणी?

स्पष्टवक्ता
मग रायगडावरही नवा राजवाडा बांधा, लिफ्टसकट.

गडवेडा_कोकण्या
रोपवे आहेच. 😀

चुनाविटा
थट्टा पुरे. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलं, तेही मूळ जागेच्या शेजारी. सोमनाथ १९५१ चं. ही नकली आहेत असं एकदा लिहून दाखवा.

स्पष्टवक्ता
आलात ना देवावर! वाद हरायला लागला की देवळाच्या आडोशाला जायचं. देवळात देव असतो, तुमच्या मनोऱ्यात स्मृतिचिन्हांचं दुकान. एक श्रद्धेसाठी बांधलं, दुसरं तिकिटासाठी. एवढं कळायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही, किंबहुना ती आड येत असावी.

चुनाविटा
[हा प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.]

संपादक
पदवी, जात, गाव आणि एकमेकांचे तीर्थरूप सोडून बोलावे. देवळांची तुलना इथेच थांबवू.

राईनकाठची_वैनी
मी डुइसबुर्गजवळ राहते. वर पोलादावर बोलून झालं, पण आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिनी बागेबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. ती वुहानने भेट दिलेली, १९८८ पासून आहे. तळं, वाकडा पूल, छपराचे कोपरे वर उचललेला मंडप. मुलं लहान होती तेव्हा कोआला बघून झाला की डबा तिथेच उघडायचो. माझा धाकटा 'वुहान' हा शब्द तिथल्या पाटीवर शिकला. २०२० च्या जानेवारीत सगळीकडे त्या गावाचं नाव शिवीसारखं घेतलं जात होतं, तेव्हा तो वर्गात म्हणाला, "त्यांनी आम्हाला बाग दिलीय." स्पष्टवक्ता, ह्याचा हिशेब लोकलच्या धक्क्यात होत नाही. आणि चुंगचिंगहून डुइसबुर्गला २०११ पासून मालगाडी येते, तुम्हाला आकडेच हवे असतील तर त्या डब्यांचे मोजा.

स्पष्टवक्ता
वैनी, चुंगचिंगची सिस्टर सिटी डुसेलडॉर्फ आहे, डुइसबुर्ग नव्हे. म्हणजे गाडी नात्याने येत नाही, बंदर आणि भाडं बघून येते. बाग मान्य. चाळीस वर्षांत एक बाग.

राईनकाठची_वैनी
ओइताने त्याच जानेवारीत आपल्या साठ्यातले मास्क काढून वुहानला पाठवले. पुढे जपानमध्ये टंचाई झाली तेव्हा वुहानने परतफेड केली. एक बाग आणि मास्क. लिहून घ्या.

निवृत्त_लिपिक
एका महापालिकेत हयात घालवली, नाव सांगत नाही. आमचाही एका परदेशी शहराशी करार झाला होता. शाल, श्रीफळ, फेटे, सभागृहात टाळ्या. त्यानंतर त्या शहराकडून पत्रं यायला लागली. एक होतं पाण्याच्या गळतीवर काम करणाऱ्या दोन अभियंत्यांना तिकडे प्रशिक्षणाला पाठवा म्हणून, राहण्याचा खर्च त्यांचा. पत्र आवक वहीत चढलं. पाणीपुरवठा म्हणाला सामान्य प्रशासनाचं काम, सामान्य प्रशासन म्हणालं महापौर कार्यालयाचं. तारीख उलटली. पुढच्या वर्षी 'अभ्यास दौरा' मात्र झाला, त्यात पाण्याशी संबंध असलेला एकही माणूस नव्हता.

स्पष्टवक्ता, सहलींबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण करार वाईट होता असं मी म्हणणार नाही. तिकडे त्या कामाला एक बाई नेमलेली होती, तिचं नाव दरवेळी पत्राखाली असायचं. आमच्याकडे ते टेबलच नव्हतं. चीनच्या शहरांत परराष्ट्र कामाचं वेगळं कार्यालय असतं, बदल्या झाल्या तरी ते टेबल राहतं. मुंबई-शांघाय काय, औरंगाबाद-दुनह्वांग काय (अजिंठा आणि मोगाओची लेणी, २०१५ चा करार, ह्याहून रास्त जोडी शोधून सापडणार नाही), आपल्या बाजूला पत्राला उत्तर कोण देतं हे आधी बघा.

स्पष्टवक्ता
चला, ह्या धाग्यावर पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. तेवढ्यापुरतं माझं वाक्य 'आपल्याकडच्या नगरसेवकांच्या फुकट सहली' असं वाचावं. नानजिंगचा मुद्दा तसाच उभा आहे, त्याला कुणी हात लावला नाही.

नदीकाठचा
लावतो. नात्याला किंमत नव्हती तर नानजिंगने ते थांबवल्याने जपानात बातमी कशाला झाली? जे तोडल्याने दुखतं ते पोकळ नसतं.

स्पष्टवक्ता
बातमी महापौराच्या बोलण्याची होती. पण असो, तुमच्या समाधानासाठी 'पूर्ण पोकळ नाही' एवढं लिहून देतो, सही-शिक्क्यासह.

शाकाहारी_प्रवासी
सगळ्यांचं भांडून झालं असेल तर एक विचारू का? घरचे पक्के शाकाहारी. तिथे काय खायचं? व्हिसा, विमान हेही सांगा.

नदीकाठचा
सकाळी रकानम्येन, म्हणजे तिळाच्या लगद्यात कालवलेल्या कोरड्या गरम शेवया. त्यावर मांसाचा रस्सा ओततात कधीकधी, तो नको म्हणून आधीच सांगा. दोउफी म्हणजे चिकट भात भरलेलं धिरडं, त्यात अंडं असतं आणि बहुतेकदा डुकराचं मांस. हानयांगच्या क्वेइयुआन मठात पाचशे अर्हतांच्या मूर्ती आहेत, तो बघायचाच. मठांच्या आसपास शाकाहारी जेवण मिळण्याची शक्यता जास्त. विमान कोलकात्याहून ग्वांगचौला, तिथून वेगवान रेल्वेने साधारण चार तास. व्हिसा इथूनच काढून न्या. व्हॉट्सॲप तिथे सरळ चालत नाही, पैसे फोनवरून द्यायची सोय आधी करून ठेवा.

स्पष्टवक्ता
घंटा कुठल्या वारी बघायच्या? पुन्हा त्या बाजूला गेलोच तर मधे एक दिवस काढीन. मनोऱ्याचं तिकीट काढणार नाही.

नदीकाठचा
सोमवारी संग्रहालय बंद. प्रवेश फुकट, पण पासपोर्टवर आधी नोंदणी लागते. मनोरा बोटीतूनही दिसतो, त्याचे पैसे पडत नाहीत.