गाडीची बारीकसारीक कामं: हात काळे करायचे की गॅरेजला द्यायची?

परवा एसीचा केबिन फिल्टर पहिल्यांदाच स्वतः बदलला. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला, मागचं झाकण काढलं, जुना फिल्टर ओढला. आत वाळकी पानं, धुळीचा थर आणि एक कधीकाळची माशी. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघून सरकवला. सगळी मिळून दहा मिनिटं. एवढ्याशा कामाची मजुरी मी इतकी वर्षं निमूट भरत होतो!

तेव्हापासून डोक्यात भुंगा: अजून कोणती कामं आपण उगाच देऊन टाकतो? आणि कोणत्या कामात हात घालून पस्तावलो? तुमचे अनुभव लिहा. फजितीचे आधी, शौर्याचे नंतर.

*

फजिती मागितलीत म्हणून. पहिल्यांदा इंजिन ऑईल बदललं तेव्हाची गोष्ट. तयारी जय्यत: गाडी रॅम्पवर, मागच्या चाकांना ठोकळे, इंजिन जरासं कोमट, म्हणजे ऑईल पातळ होऊन नीट उतरतं. ड्रेन बोल्टचा वॉशरसुद्धा नवा. जुना फिल्टर फिरवून काढला, नवा लावला, ऑईल भरलं, गाडी चालू केली. काही सेकंद सगळं छान. मग भस्सकन आवाज, आणि मधाच्या रंगाचं कोरं करकरीत ऑईल जमिनीवर.

झालं असं, की जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. मी तिच्यावर नवा फिल्टर बसवला, म्हणजे रिंगवर रिंग. दाब आल्याबरोबर एक सटकली. घाबरून ताबडतोब चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर कोरडं फिरून जाम झालं असतं. लाकडाचा भुसा टाकून जमीन साफ करायला ऑईल बदलण्याच्या तिप्पट वेळ गेला. बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "वाचले का पैसे?"

आता जुना फिल्टर निघाला की आधी त्याच्यावर रिंग आहे ना बघतो, मगच नव्याच्या रिंगला ऑईलचं बोट लावून हातानेच आवळतो. गेली सहा वर्षं ऑईल घरीच बदलतोय. वापरलेलं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन देतो, गटारात कधी नाही.

*

वायपरची पट्टी काढली, दांडा तसाच उभा ठेवला, तेवढ्यात फोन आला. दांडा खाडकन काचेवर. पट्टीची मजुरी वाचली, काच मात्र नवी घातली. आता आधी काचेवर जाड टॉवेल, मग बाकीचं.

*

माझा अनुभव थोडा वेगळा. मी पाना उचलत नाही, पण ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेऊन ठेवलाय. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, फोनवर कोड दिसतो. चेक इंजिनचा दिवा लागला होता आणि गॅरेजवाले एक सेन्सर बदलायचा म्हणत होते. कोड आला पी ०४५५, म्हणजे पेट्रोलची वाफ कुठून तरी मोठ्या प्रमाणात गळतेय. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं तर त्याचं रबर तडकलेलं. झाकण बदललं, आठवडाभरात दिवा गेला. त्या दिवशी मी जरा मिरवले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वेळी पी ०४२० आला. वाचून ठरवलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) गेला, महागडा खर्च आला. दुसऱ्या एका मेकॅनिकने गाडी वर घेऊन दाखवलं, की एक्झॉस्टचा सांधा फाटलाय आणि तिथून आत शिरणाऱ्या हवेमुळे सेन्सर फसतोय. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार शोधावा लागतो. तो त्याने शोधला, आणि ते पैसे मी आनंदाने दिले.

*

मी पलीकडच्या बाजूचा, बारा वर्षं गॅरेजात काढलेला. खरं सांगू? एअर फिल्टर नुसता हवा मारून परत बसवायचा आणि बिलात "बदलला" लिहायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा घरी करता ते चांगलंच करता.

पण ब्रेक. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि टाकीतलं ब्रेक ऑईल खाली जातं. लोक ते गळती समजून काठोकाठ भरतात. मग नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की ऑईल उतू जातं आणि खालचा रंग सोलतं. हे फार तर रंगावर निभावतं. दुसरी चूक मोठी: पॅड बसवले आणि पेडल न मारताच गाडी हलवली. पिस्टन मागे असतो, पहिला ब्रेक थेट तळाला जातो. समोर भिंत असली तर ती आपलं काम करते. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल कडक होईपर्यंत मारायचं.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. खाली स्टँड हवेतच. यावर वाद घालणार नाही.

*

काकांना अनुमोदन. माझी कंबर वाकत नाही, त्यामुळे सगळं गॅरेजलाच. फक्त टायरची हवा मी बघतो, तीही सकाळी, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या. टायरवर छापलेला कमाल मर्यादेचा असतो. मी वर्षभर तोच भरून दणके खात होतो आणि शॉकॅब्सॉर्बरला शिव्या देत होतो.

*

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. मला पाठ होतं, तरी घाईत पॉझिटिव्हला पाना लावला आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं. ठिणगी म्हणजे वेल्डिंगच. पान्याला पडलेला खळगा अजून आहे. मुलगी गाडी शिकतेय, तिला तो पाना हातात देऊनच शिकवलं.

*

(धागा काढणारा) ब्रेकचं काम काकांकडे म्हणजे त्यांच्यासारख्यांकडे, हे नक्की. इंजिन ऑईल मात्र येत्या रविवारी मीच बदलणार. रॅम्प मित्राकडून आणलाय. भुसाही आणून ठेवलाय.