मोंद्रियान ड्रेस शिवतेय, टक्स कुठे लपवू?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँचा 1965 मधला, चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून केलेला मोंद्रियान ड्रेस आठवतोय ना? पांढऱ्यावर जाड काळ्या पट्ट्या आणि लाल, निळे, पिवळे चौकोन. भाचीच्या साखरपुड्यासाठी तो घरीच शिवतेय. (हो, साखरपुड्याला! ताईने नाक मुरडून झालंय.)

लांबून छापील वाटतो, पण मूळ ड्रेसमध्ये चौकोन वेगवेगळे कापून जोडलेत आणि अंगाचा आकार त्या जोडांतच लपवलाय. मला नेमकं तेच जमत नाहीये. मांजरपाटावर शिवून पाहिला. छातीचा टक्स (फिटिंगसाठी शिवलेली चुणी) पट्टीच्या शिलाईत घेतला की पट्टी तिरकी जाते, नाही घेतला तर ड्रेस पोत्यासारखा लोंबतो.

मूळ कापड लोकरी जर्सी. मुंबईत त्यात उकडून जीव जाईल, म्हणून मंगलदास मार्केटमधून सुती पॉपलिन आणलं. ते ताणत नाही, तिथेच चुकलं का? आणि काळ्याचा रंग जातोय! तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवला, तरी पाणी काळंच. तीनदा धुऊन वापरू की सरळ दुसरं काळं कापड आणू?

शनिवारी कापायला बसणार आहे. कुणी असं जोडकाम केलं असेल तर प्लीज सांगा, पट्टीला शिलाईसाठी माया किती ठेवलीत?