वसई गावात रविवारी पाहुणे येतायत, कुठे नेऊ?

नवी_वसईकर
वसई वेस्टला राहायला येऊन सहा महिने झाले पण स्टेशन ते घर आणि घर ते स्टेशन, बाकी काही बघितलेलं नाही. रविवारी मीरा रोडहून सासू-सासरे आणि नणंद दोन पोरांसकट येतायत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई मासे नसतील तर त्याला जेवण म्हणत नाहीत आणि पोरांना कॅफे पाहिजे. मागे एकदा एका बीचजवळच्या ठिकाणी गेलेलो, मेन्यूत पापलेटपुढे 'साइजप्रमाणे' लिहिलेलं, आम्ही विचारायच्या भानगडीत पडलो नाही आणि बिल आल्यावर नवरा चष्मा पुसून पुसून बघत होता. तसलं परत नको. प्लीज सुचवा.

पारनाका_कट्टा
किल्ला सोडून दुसरं काही शोधू नका, पण सकाळी आठला पोचा, अकरानंतर उन्हात नुसती भाजणी होते. रस्ता किल्ल्याच्या आतूनच बंदरापर्यंत जातो त्यामुळे काकांना फार चालायला लागणार नाही, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी उतरवा आणि मग गोन्सालो गार्सियांच्या चर्चपाशी. हे संत मूळचे वसईचेच, १५९७ ला जपानात नागासाकीला त्यांना मारलं. आत जमिनीवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, पोरं त्यावरून बोट फिरवत बसतात. पोर्तुगीज इथे १५३४ पासून होते, १७३९ ला अप्पांनी किल्ला घेतला, एवढं काका स्वतःच सांगतील सगळ्यांना 😄 पाणी घरूनच घ्या, आत दुकान शोधत बसाल.

केळीची_वाडी
हॉटेलच्या मागे कशाला लागलीस गं? इथलं खरं जेवण बोर्ड लावून विकत नाहीत. आमच्या कुपारी, म्हणजे इथल्या ख्रिस्ती, घरांमधून बायका ऑर्डर घेतात, फुगे (तळलेले फुगीर पाव) आणि इंद्याल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा), पण शुक्रवारपर्यंत सांगायला लागतं कारण रविवारी सकाळी सगळ्या मिसाला. शेजारी कोणी असेल तर विचार, नंबर लगेच मिळेल. आणि सासूबाईंना सरळ गावातल्या मासळी बाजारात ने. त्या स्वतः कल्ले उघडून बघतील, कोळणीशी भाव करतील, अर्धा रविवार त्यातच मजेत जाईल, कालवण घरी. जाताना सुकेळी दे बरोबर. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी चिकट होतात. फक्त काळी कोरडी असतील तर घेऊ नको, बोटाने दाबून बघ.

बंदरावरचा
कट्टा भाऊंचं बरोबर पण एक राहिलं. मीरा रोडवाले गाडीने घोडबंदर फिरून कशाला येतायत? भाईंदरहून रो-रो बोट आहे ना, २०२४ पासून चालू आहे, गाडीसकट चढा आणि किल्ल्यापाशीच उतरा. पोरांना कॅफेपेक्षा ते आवडेल. टायमिंग आदल्या दिवशी विचारून घ्या. उतरल्यावर किल्लाबंदरला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकत घातलेले दिसतील, वास येईल, नणंदेला आधी सांगून ठेवा.

पारनाका_कट्टा
@बंदरावरचा रविवारी रो-रोला गाड्यांची लाइन बघितलीय का? म्हातारी माणसं गाडीत बसून उकडतील. पहिली फेरी मिळाली तर ठीक, नाहीतर ट्रेनच बरी, स्टेशनवरून शेअर रिक्षाने पारनाका.

केळीची_वाडी
नालासोपाऱ्याचा जुना बौद्ध स्तूप कोणी सांगितला नाही म्हणून सांगते, १८८२ चं उत्खनन आहे, शांत जागा. पण एका दिवसात दोन्ही नको, पोरं कंटाळतील.

नवी_वसईकर
थँक्यू सगळ्यांना! स्तूप पुढच्या वेळी. समोरच्या काकूंना विचारलं, त्यांचीच बहीण फुगे करते निघाली, सहा महिने समोरासमोर राहतोय आणि मला पत्ता नाही. सासूबाईंना फोनवर बाजाराचं सांगितलं तर म्हणाल्या पिशवी मी माझीच आणते, तुमच्या पिशव्या लहान असतात.