बाइकला अलार्म, डिस्क लॉक की ट्रॅकर? बॅटरी ४ अँपिअर-तासाचीच आहे

मागचंचाक
१५० सीसी, इंजेक्शनची बाइक. पुढे डिस्क, मागे ड्रम, किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-तास. रात्री उघड्यावर भिंतीलगत उभी असते, शेजारी जमिनीत गाडलेला लोखंडी खांब आहे. कधी कधी दहा-दहा दिवस जागची हलत नाही. सध्या हँडल लॉक सोडून काही नाही. रिमोटवाला अलार्म, अलार्मचा डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कच्या भोकात पिन घालून चाक अडवणारं कुलूप) आणि जीपीएस ट्रॅकर, या तिघांतलं आधी काय घ्यावं? अलार्मने बॅटरी उतरते म्हणतात, ते कितपत खरं?

कडीकोयंडा
तिघांच्याही आधी साखळी घ्या. अलार्म बोंब मारतो, गाडी धरून ठेवत नाही. तुमच्या वर्गातली बाइक १४०-१५० किलोची. दोघं जण ती उचलून टेम्पोत टाकू शकतात, आणि टेम्पोचं दार लागलं की सायरन बाहेर फारसा ऐकूच येत नाही. हँडल लॉकवर तर अजिबात विसंबू नका. आतली खिट्टी लहान असते, हँडलला जोराचा हिसका दिला की मोडते.

खांब आहे हे फार चांगलं. हार्डन केलेल्या पोलादाची साखळी घ्या, कडीची जाडी किमान १३ मिमी. त्याखालची साखळी हाताच्या मोठ्या कटरने तुटते. १३ मिमीची दीड मीटर साखळी पाच किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ती रोज सोबत न्यायची नाही, खांबालाच ठेवायची. साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतून घ्या. पुढचं चाक एक अ‍ॅक्सल सोडला की निघतं, मग चोर चाक तिथेच ठेवून बाकीची गाडी नेतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो, आणि हवेत जी कडी तुटली नसती ती तुटते. फेरा आवळून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, ढिलाई उरली तर खांबाभोवती आणखी एक वेढा. कुलूप भिंतीकडे, किल्लीचं भोक खाली तोंड करून, म्हणजे पाणी आणि माती आत साचत नाही. भोकात तेल घालू नका, धूळ धरून चिकट होतं. ग्राफाइटची पूड चालते.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर मात्र साधी साखळी एक-दोन मिनिटांत कापतो, तिची जाडी कितीही असो. तिथे अलार्मचा खरा उपयोग आहे: ती एक-दोन मिनिटं गोंगाटाची व्हावीत.

डिस्क लॉक घेताना आधी डिस्कच्या भोकाचा व्यास मोजा. व्हर्निअर नसेल तर ड्रिलचे बिट घालून बघा, जो अलगद जाईल तेवढा व्यास. लहान बाइकच्या डिस्कला भोकं बारीक असतात, १० मिमीची पिन बऱ्याचदा जातच नाही, आणि ५-६ मिमीच्या पिनचा लॉक हातोड्याच्या दोन घावांत जातो.

फ्यूज_पाच
बॅटरीचा हिशोब मांडतो. अलार्मचं मॉड्यूल नुसतं पहाऱ्यावर असताना साधारण ५ ते २० मिलिअँपिअर खातं. १० धरले तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास, दहा दिवसांत २.४. तुमच्या ४ मधला निम्म्याहून जास्त भाग गेला, म्हणजे सेल्फ टकटक करून बसणार, आणि किक नाहीच. त्यावर तेवढंच खाणारा ट्रॅकर लावलात तर दहा दिवसांत बॅटरी पार कोरडी.

पण खरी खाणारी गोष्ट वेगळीच आहे. सेन्सर जास्त नाजूक ठेवला की जवळून ट्रक गेला, वीज कडाडली, मांजर सीटवर चढलं, प्रत्येक वेळी अलार्म वाजतो. ३० सेकंदांचा एक, असे रात्रीत वीस वेळा, म्हणजे दहा मिनिटं. सायरन साधारण १ अँपिअर. चार इंडिकेटर १० वॅटचे असतील तर ३.३ अँपिअर, निम्मा वेळ पेटलेले. दहा मिनिटांत दोन्ही मिळून ०.४५ अँपिअर-तासाच्या घरात, म्हणजे दिवसभराच्या पहाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! शिवाय शेजारी कान देणं सोडतात, ते नुकसान वेगळंच.

म्हणून दोन टप्प्यांचा सेन्सर घ्या: हलक्या धक्क्याला दोन-तीन पिप, सलग धक्के बसले तरच पूर्ण सायरन. सोबत झुकाव ओळखणारा सेन्सर असेल तर उत्तम, कारण गाडी हळूच उचलली की धक्का बसतच नाही. मॉड्यूल चेसिसच्या नळीला झिप टायने घट्ट आवळा. सीटखालच्या फोमवर नुसतं ठेवलं तर फोम धक्के गिळतो, मग लोक सेन्सिटिव्हिटी वाढवतात आणि मॉड्यूल सीट आपटली तरी वाजतं. सायरनचं तोंड खाली, सायलेन्सरपासून दूर.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). वायर न सोलता दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा पहिल्या पावसाळ्यात आतून हिरव्या पडतात आणि फॉल्ट शोधायला दिवस जातो.

मागचंचाक
साखळीचं पटलं, आधी तीच. अलार्मच्या किटमध्ये रिमोट स्टार्ट आहे आणि इंजिन बंद करणारी एक वायरही आहे. दोन्ही जोडू का?

पाना१४
रिमोट स्टार्ट जोडू नका. बाइक गिअरमध्ये राहिली तर स्टार्टरसरशी उडी मारून पडते. त्यात ही सोय म्हणजे इग्निशन स्विचला समांतर एक वाट: किल्लीशिवाय इग्निशन लागण्याची सोय तुम्हीच करून ठेवता. स्वस्त रिमोटचा कोड दर वेळी तोच असतो, तो पकडून पुन्हा सोडता येतो. घ्यायचाच तर रोलिंग कोडवाला, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा घ्या.

इंजिन कटची वायर जोडण्यासारखी आहे, पण कुठे आणि कशी हे महत्त्वाचं. नुसता स्टार्टरचा रिले (विजेने चालणारा स्विच) कापला तर गाडी ढकलून चालू होते. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाची पॉझिटिव्ह वायर कापा, ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सप्लायला हात लावू नका.

इंजिन कटचा रिले नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे त्याला वीज नसताना जोड लागलेलाच राहील असा जोडा (पाच पायांचा असेल तर ३० आणि ८७ए). नॉर्मली ओपन जोडला आणि मॉड्यूल रस्त्यात गचकलं तर मागे ट्रक असताना पंप बंद पडेल. आणि रिलेच्या कॉइलला (वीज मिळाली की जोड तोडणाऱ्या वेटोळ्याला) वीज इग्निशनच्या पुढच्या वायरमधून द्या, थेट बॅटरीतून नाही. कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर खाते. रात्रभर, आठ तास ओढून धरली तर १.२ अँपिअर-तास तिथेच गेले. इग्निशनमधून दिली तर एरवी शून्य, आणि चोराने हेडलाइटमागचा कपलर काढून वायरी जोडल्या की त्याच क्षणी कॉइल ओढली जाते, पंप मुका.

फ्यूज_पाच
@पाना१४ रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हे बरोबर. पण नॉर्मली क्लोज्डमध्ये एक कच्चा दुवा राहतो: मॉड्यूलची वायर उपटली की रिले जागेवर येतो आणि पंप चालू. म्हणून पंपाच्याच वायरवर एक छुपा वॉटरप्रूफ टॉगल स्विच टाकावा. तो बॅटरीतून काहीच खात नाही. टूलकिटच्या खणात नको, पहिला हात तिथेच जातो. जागा अशी हवी की हातमोजा घालूनही बोट पोहोचेल, पण चालवताना गुडघा लागणार नाही.

पाना१४
मान्य. स्विच किमान १० अँपिअरचा घ्या, पंपाचा करंट कमी असला तरी. हलक्या स्विचचे पॉइंट थरथरीने जळतात. आणि किल्लीत चिप असलेला इमोबिलायझर कंपनीनेच दिला असेल तर यातलं काही करायची गरज नाही, अलार्म फक्त आवाजापुरता ठेवा.

कडीकोयंडा
ट्रॅकरचं राहिलं. तो चोरी थांबवत नाही, चोरीनंतर शोधायला मदत करतो. स्वतःची आतली बॅटरी असलेलाच घ्या, नाहीतर पहिली वायर काढली की मेला. अँटेनाच्या वर प्लॅस्टिक हवं. टाकीखाली लोखंडात दडवला तर आकाश दिसत नाही आणि तो जुनीच जागा दाखवत राहतो. फोनशी जोडायचे छोटे ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनांवर अवलंबून असतात. त्यातले बरेच अनोळखी माणसाच्या फोनवर ‘तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय’ अशी सूचना देतात, ती चोरालाही मिळते. दुसरी फळी म्हणून ठीक.

मागचंचाक
अलार्म बसवल्यावर नेमका किती करंट जातोय हे घरी मोजता येईल का?

फ्यूज_पाच
येईल. इग्निशन बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल टोक सोडलेल्या वायरला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. अलार्म लावा, पाच मिनिटं थांबा, मॉड्यूल झोपू द्या. मिलिअँपिअरवर जाण्याआधी वायर आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये एक जोडवायर लावून ठेवा, कारण रेंज बदलताना जोड तुटतो आणि मॉड्यूल पुन्हा जागं होऊन वाजतं. रेंज बदलली की जोडवायर काढून आकडा वाचा. मीटर लावलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा १० मिलिअँपिअरच्या वर आला तर लांब उभी राहणाऱ्या दिवसांत अलार्म बंद ठेवून साखळी आणि स्वतःचे सेल असलेला डिस्क लॉक वापरा. तो गाडीच्या बॅटरीला हातच लावत नाही. लॉक कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला) खालून खेटवून लावा, म्हणजे काढायचा विसरलात तरी चाक बोटभर फिरून थांबेल, आणि हँडलपर्यंत जाणारी भडक रंगाची आठवणीची दोरी नक्की लावा.